एचपीएलसीवर रिटेन्शन टाइम सारखा सरकतो: कॉलम बदलण्यापूर्वी काय पाहावे

एचपीएलसी यंत्रात पंप मोबाइल फेज नावाचा द्रव बारीक कणांनी भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, सोडतो आणि नमुन्यातील घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. घटक बाहेर पडण्याची वेळ म्हणजे त्याचा रिटेन्शन टाइम, आणि तेव्हा डिटेक्टरच्या आलेखावर उमटणारा उंचवटा म्हणजे पीक. सकाळी स्टँडर्डचा, म्हणजे ज्ञात पदार्थाच्या द्रावणाचा, पीक ७.५ मिनिटांना येतो, दुपारी तोच ७.८ मिनिटांना आणि संध्याकाळी ८ मिनिटांच्या पुढे. दुसऱ्या दिवशी नवी मोबाइल फेज लावली की तो ७.२ मिनिटांवर जाऊन बसतो. एचपीएलसी वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेत ही तक्रार पुन्हा पुन्हा उद्भवते, मग ती तारापूर, वाळूज किंवा गोव्यातील वेर्णा येथील औषध कारखान्याचा गुणवत्ता नियंत्रण विभाग असो, की सरबते, लोणची आणि सॉस यांची तपासणी करणारी अन्न प्रयोगशाळा असो. तक्रार वरवर किरकोळ वाटते, कारण पीकचे क्षेत्रफळ बहुतेक वेळा तेच राहते आणि ॲसेचे, म्हणजे पदार्थाच्या प्रमाणमापनाचे, उत्तरही जुळते. परंतु क्रोमॅटोग्राफीत पदार्थाची ओळख मुख्यतः त्याच्या रिटेन्शन टाइमवरून पटवली जाते. तो काळच भरवशाचा राहिला नाही तर एका अशुद्धीचे नाव दुसरीला लागते, जवळजवळचे दोन पीक एकमेकांत मिसळतात, आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या पदार्थासाठी ठरलेल्या वेळेच्या खिडकीबाहेर गेलेला पीक अहवालात ‘आढळला नाही’ असा नोंदला जातो.

अशा वेळी सर्वाधिक केला जाणारा उपाय म्हणजे कॉलम बदलणे. माझ्या मते तो सर्वांत शेवटचा उपाय असायला हवा. कॉलम महाग आहे हे एक कारण झाले. त्याहून मोठे कारण असे की नव्या कॉलमबरोबर आपण बहुधा नवी मोबाइल फेजही तयार करतो, पंप पर्ज करतो (जुना द्रव आणि हवा बाहेर काढतो) आणि सगळी यंत्रणा तासभर स्थिरावू देतो. यांपैकी नेमक्या कशाने पीक जागेवर आला हे मग कळत नाही, खरे कारण तसेच राहते आणि काही आठवड्यांत तक्रार परत येते. त्याहून वाईट उपाय म्हणजे सॉफ्टवेअरमधील ओळखीची खिडकी रुंद करणे. त्याने दोष झाकला जातो आणि चुकीच्या पीकला योग्य नाव मिळण्याची वाट मोकळी होते.

पुढील सर्व विवेचन रिव्हर्स फेज पद्धतीपुरते, म्हणजे सी-१८ किंवा सी-८ कॉलम (सिलिकाच्या कणांवर १८ किंवा ८ कार्बनच्या साखळ्यांचा थर असलेले) आणि पाणी, बफर (पीएच स्थिर राखणारे द्रावण), मेथॅनॉल, ॲसिटोनायट्राइल यांच्या मोबाइल फेजपुरते आहे, कारण औषध आणि अन्न प्रयोगशाळांतील बहुतांश काम याच पद्धतीने चालते.

पहिला प्रश्न: डेड टाइम हलला का?

कॉलममध्ये अजिबात न थांबणारा पदार्थ बाहेर पडण्यास जेवढा वेळ लागतो तो डेड टाइम. २५० मिमी लांब आणि ४.६ मिमी व्यासाच्या कॉलमचे आतील घनफळ सुमारे ४.१५ मिलि असते. त्यातील साधारण ६० ते ६५ टक्के जागा द्रवाने भरलेली असते, म्हणजे सुमारे २.५ मिलि. प्रवाह मिनिटाला १ मिलि असेल तर डेड टाइम सुमारे २.५ मिनिटे होतो. तो मोजण्यासाठी युरॅसिलचे विरळ द्रावण सोडावे. मोबाइल फेजमध्ये निदान दहा-पंधरा टक्के सेंद्रिय द्रावक असेल तर युरॅसिल कॉलमवर जवळजवळ थांबत नाही आणि २५४ नॅनोमीटरवर स्पष्ट दिसते.

या एका आकड्यावरून निदानाची दिशा ठरते, म्हणून त्याचे गणित मांडतो. डेड टाइम २.५ मिनिटे आणि औषधाचा पीक ७.५ मिनिटांना असेल, तर औषध कॉलमवर प्रत्यक्ष ५ मिनिटे थांबले. या ५ ला २.५ ने भागले की रिटेन्शन फॅक्टर २ मिळतो. समजा पंपाचा प्रवाह ४ टक्क्यांनी घटला. मग डेड टाइम २.६ मिनिटे होईल आणि औषधाचा पीक ७.८ मिनिटांच्या आसपास जाईल, म्हणजे दोन्ही सारख्याच प्रमाणात सरकतील आणि रिटेन्शन फॅक्टर २ च राहील. आता समजा प्रवाह ठीक आहे, पण मोबाइल फेजमधील ॲसिटोनायट्राइल १ टक्क्याने कमी पडले. डेड टाइम २.५ मिनिटांवरच राहील, रिटेन्शन फॅक्टर २ वरून सुमारे २.२ होईल आणि पीक ८ मिनिटांना येईल. पहिल्या प्रकारात दोष पंप आणि नळ्यांच्या बाजूला आहे, तर दुसऱ्या प्रकारात तो मोबाइल फेज, तापमान किंवा कॉलमच्या पृष्ठभागात आहे. नुसता ‘पीक उशिरा येतो’ एवढाच शेरा लॉगबुकात असेल तर या दोन अगदी वेगळ्या दोषांतला फरक कधीच दिसणार नाही. म्हणून सिस्टिम सुटेबिलिटीच्या, म्हणजे यंत्रणा कामास योग्य आहे का हे पाहण्याच्या, द्रावणातच युरॅसिल घालण्याची सोय पद्धतीत असेल तर ती अवश्य वापरावी, आणि नसेल तर दिवसाच्या सुरुवातीला त्याचे एक स्वतंत्र, नोंद केलेले इंजेक्शन द्यावे.

डेड टाइमही हलला असेल तर

येथे तपास सरळ आहे. डिटेक्टरच्या बाहेर पडणारा द्रव १० मिलिच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये धरावा आणि खुणेपर्यंत भरण्यास किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचने मोजावे. पडद्यावर दिसणारा प्रवाह हा पंपाला दिलेला हुकूम असतो. प्रत्यक्षात किती द्रव वाहतो हे फ्लास्कच सांगतो. मिनिटाला १ मिलि प्रवाहासाठी ही वेळ १० मिनिटे यायला हवी, आणि त्यात १२ सेकंदांची वाढ झाली तरी प्रवाह जवळजवळ २ टक्क्यांनी कमी आहे असे समजावे.

प्रवाह कमी आढळला तर प्रथम गळती पाहावी. बफर वापरात असेल तर गळणाऱ्या फिटिंगभोवती पांढरा क्षार साचतो आणि तो टॉर्चच्या उजेडात चटकन दिसतो. पंपाच्या मागच्या बाजूला क्षार दिसला तर पिस्टनचे सील झिजले आहे. फॉस्फेट बफर रात्रभर पंपात तसेच सोडणे हे सील झिजण्याचे नेहमीचे कारण आहे. गळती नसेल आणि दाबाची रेषा नियमित अंतराने वरखाली होत असेल, तर चेक व्हॉल्व्हमध्ये (द्रव मागे येऊ न देणाऱ्या झडपेत) घाण बसली आहे किंवा हवेचा बुडबुडा अडकला आहे. चेक व्हॉल्व्हमधील माणकाची गोळी तिच्या नीलमण्याच्या बैठकीवर घट्ट बसली नाही की प्रत्येक ठोक्याला थोडा द्रव मागे येतो. केवळ शुद्ध ॲसिटोनायट्राइल वाहणाऱ्या पंपांत ही गोळी चिकटण्याचा प्रकार विशेष आढळतो. व्हॉल्व्ह काढून तो मेथॅनॉल किंवा आयसोप्रोपेनॉलमध्ये सोनिकेटरवर ठेवला तर बहुतेक वेळा काम भागते.

एक जागा मात्र हमखास दुर्लक्षित राहते: बाटलीच्या तळाशी बुडालेले इनलेट फिल्टर. सेंद्रिय द्रावक नसलेले फॉस्फेट किंवा ॲसिटेट बफर दोन-तीन दिवस खोलीच्या तापमानाला राहिले की त्यात जिवाणू वाढतात, आणि त्यांचा बुळबुळीत थर फिल्टरच्या छिद्रांत बसतो. पंपाला मग पुरेसा द्रव मिळत नाही, ओढलेल्या द्रवात बुडबुडे सुटतात आणि प्रवाह हळूहळू मंदावतो. फिल्टर काढून नळी तशीच गाळलेल्या द्रवात काही वेळ ठेवावी. प्रवाह पूर्ववत झाला तर दोष तेथेच होता. बफर रोज ताजे करणे आणि आधीच्या दिवसाच्या बाटलीत नवे बफर न ओतणे एवढ्या शिस्तीने हा त्रास टळतो.

डेड टाइम स्थिर, पण फक्त काही पीक हलले तर

हा प्रकार मला सर्वांत बोलका वाटतो, कारण येथे क्रोमॅटोग्राम स्वतःच कारण सांगत असतो. शीतपेयातील कॅफिन, बेंझोइक आम्ल आणि सॉर्बिक आम्ल यांचे एकत्र विश्लेषण घेऊ. पहिले उत्तेजक आणि उरलेली दोन परिरक्षके. तिन्ही सी-१८ कॉलमवर एकाच धावेत वेगळी करता येतात. यांपैकी कॅफिन नेहमीच्या पीएचला विद्युतभाररहित असते. बेंझोइक आम्लाचा पीकेए (ज्या पीएचला आम्लाचे निम्मे रेणू आयनरूपात असतात तो आकडा) ४.२ आणि सॉर्बिक आम्लाचा सुमारे ४.८ आहे. आम्ल विद्युतभाररहित रूपात असेल तेव्हा सी-१८ ला धरून राहते, आणि आयनरूपात गेले की पाण्याबरोबर लवकर बाहेर पडते.

मोबाइल फेजचा पीएच ४.२ असेल तर बेंझोइक आम्लाचे निम्मे रेणू भाररहित असतात. पीएच ४.३ झाला की हे प्रमाण ५० टक्क्यांवरून सुमारे ४४ टक्क्यांवर येते, म्हणजे धरून राहण्याची क्षमता दहा-अकरा टक्क्यांनी घटते. सॉर्बिक आम्लाचे भाररहित प्रमाण त्याच बदलाने सुमारे ७८ टक्क्यांवरून ७४ टक्क्यांवर उतरते, म्हणजे घट त्याच्या निम्मीच असते. कॅफिनला काहीच फरक पडत नाही. मेथॅनॉल मिसळल्यावर पीएच आणि पीकेए दोन्ही थोडे बदलत असल्याने हे आकडे प्रत्यक्षात तंतोतंत येणार नाहीत, पण क्रम हाच राहतो. त्यामुळे कॅफिन जागेवर, सॉर्बिक आम्ल थोडे अलीकडे आणि बेंझोइक आम्ल बरेच अलीकडे असे चित्र दिसले तर पीएच वाढला आहे, याबद्दल फारशी शंका घ्यायला नको. आम्लारिधर्मी औषधांच्या बाबतीत दिशा उलटी होते: पीएच वाढला की त्यांचा भार कमी होतो आणि पीक उशिरा येतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या आम्लधर्मी वेदनाशामकांचे पीकेए ४ ते ५ च्या दरम्यान असल्याने पीएच ४ ते ५ च्या मोबाइल फेजवर त्यांचे वर्तन बेंझोइक आम्लासारखेच चंचल असते.

पीएच एवढा अस्थिर का राहतो? अनेक पद्धतींमध्ये पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट पाण्यात विरघळवून पीएच ४.५ वर आणण्याची सूचना असते आणि त्या द्रावणाला निःशंकपणे बफर म्हटले जाते. फॉस्फेटचे पीकेए सुमारे २.१, ७.२ आणि १२.३ आहेत. कोणतेही बफर आपल्या पीकेएच्या वरखाली साधारण एका एककापर्यंतच आपले काम करते. त्यामुळे ४.५ ला फॉस्फेटजवळ पीएच रोखून धरण्याची शक्ती जवळजवळ नसते. आम्लाचा एखादा थेंब जास्त पडला, हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषला गेला किंवा नमुनाच आम्लधर्मी असला, तरी पीएच हलतो. या पट्ट्यात पीकेए ४.८ चे ॲसिटेट किंवा सायट्रेट वापरणे योग्य ठरते. फॉस्फेट वापरायचेच असेल तर पीएच २.५ ते ३ च्या दरम्यान न्यावा, कारण तेथे फॉस्फेट बफर म्हणून काम करते आणि बेंझोइक आम्लही जवळजवळ पूर्णपणे भाररहित असल्याने पीएचमधील लहान फरक त्याला जाणवत नाही. मात्र नोंदणीकृत पद्धतीत असा बदल करायचा तर पद्धतीची पडताळणी पुन्हा करावी लागते, आणि तो खर्च एकदा सोसणे रोजच्या तक्रारीपेक्षा परवडते असे माझे ठाम मत आहे.

याच कारणाची दुसरी खूण म्हणजे स्टँडर्डचा पीक स्थिर आणि नमुन्यातील त्याच पदार्थाचा पीक सरकलेला. पाण्यात केलेले स्टँडर्ड आणि तीव्र आम्लधर्मी शीतपेय एकाच दुबळ्या बफरमध्ये सोडले, तर इंजेक्शनभोवतीचा पीएच दोन्ही वेळा वेगळा असतो. नमुना मोबाइल फेजनेच पाच-दहा पट विरळ करून किंवा इंजेक्शनचे आकारमान निम्मे करून पाहावे. फरक घटला तर निदान पक्के.

पीएच मोजण्याच्या सवयींकडेही पाहिले पाहिजे. पीएच सेंद्रिय द्रावक मिसळण्यापूर्वी, निव्वळ पाण्यातील बफरचाच मोजावा, कारण मीटर पाण्यातील बफरवर कॅलिब्रेट केलेले असते आणि मेथॅनॉल मिसळल्यावर दिसणाऱ्या आकड्याचा अर्थ बदलतो. एक ॲनालिस्ट आधी मोजतो आणि दुसरा नंतर मोजतो, अशा प्रयोगशाळेत पाळी बदलली की पीकही बदलतो. पीएच खाली गेला म्हणून अल्कली घालून पुन्हा वर आणण्याची पद्धतही सोडावी. आकडा जुळतो, पण क्षारांचे प्रमाण वाढते. आम्ल आणि त्याचे क्षार दोन्ही वजन करून घ्यावेत आणि मीटरचा उपयोग केवळ पडताळणीसाठी करावा, ही पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते.

डेड टाइम स्थिर, पण बाकी सर्व पीक एकाच दिशेने हलले तर

आता संशय मोबाइल फेजच्या प्रमाणावर किंवा तापमानावर जातो. ढोबळ नियम असा की सेंद्रिय द्रावक १० टक्क्यांनी बदलला तर लहान रेणूंचा रिटेन्शन फॅक्टर दोन ते तीन पट बदलतो. म्हणजेच १ टक्क्याच्या फरकाला सुमारे १० टक्के. एवढी १ टक्क्याची चूक होणे अगदी सोपे आहे.

५०० मिलि मेथॅनॉल आणि ५०० मिलि पाणी वेगवेगळे मोजून एकत्र केले तर मिश्रण १००० मिलि होत नाही. ते सुमारे ९६५ मिलि भरते, कारण दोन्ही द्रव मिसळताना आकुंचन पावतात. आता तीन ॲनालिस्टांचा विचार करू. पहिला दोन्ही द्रव स्वतंत्र सिलिंडरने मोजून मिसळतो. दुसरा ५०० मिलि मेथॅनॉल घेऊन खुणेपर्यंत पाणी भरतो, त्याच्या मिश्रणात पाणी सुमारे ५३५ मिलि जाते. तिसरा ५०० मिलि पाणी घेऊन खुणेपर्यंत मेथॅनॉल भरतो, तेथे मेथॅनॉल सुमारे ५३५ मिलि जाते. तिघांच्याही वहीत ‘५०:५०’ असेच लिहिलेले असते, परंतु दुसऱ्या आणि तिसऱ्या मिश्रणांत मेथॅनॉलचा फरक तीन टक्क्यांहून अधिक आहे आणि रिटेन्शन फॅक्टरमधील फरक तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. शिवाय मेथॅनॉल आणि पाणी मिसळले की मिश्रण गरम होते, ॲसिटोनायट्राइल आणि पाणी मिसळले की ते थंड पडते. खोलीच्या तापमानाला येऊ न देता खूण गाठली तर आणखी फरक पडतो. कार्यपद्धतीच्या कागदात ‘दोन्ही द्रव स्वतंत्रपणे मोजून मिसळावेत’ हे वाक्य स्पष्ट शब्दांत असावे, आणि शक्य तेथे द्रावक वजनाने घ्यावेत. खोलीच्या तापमानाला दोन्ही सेंद्रिय द्रावकांची घनता ०.७९ ग्रॅम प्रति मिलिच्या आसपास असते, त्यामुळे वजनाचे गणित अवघड नाही.

मिश्रण बरोबर झाल्यावरही ते बिघडू शकते. तयार मोबाइल फेज निर्वात पंपावर गाळून तो पंप वायू काढण्याच्या उद्देशाने दहा-पंधरा मिनिटे तसाच चालू ठेवला, तर पाण्याआधी मेथॅनॉल किंवा ॲसिटोनायट्राइल उडून जाते आणि सर्व पीक उशिरा येऊ लागतात. बफर आधी गाळावे, द्रावक नंतर मिसळावा, आणि वायू काढण्याचे काम यंत्रातील डिगॅसरवर सोपवावे. बाटलीचे तोंड ॲल्युमिनियम फॉइलने झाकून दिवसभर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत सकाळ ते संध्याकाळ पीक हळूहळू पुढे जाण्याचे हेच कारण असू शकते. बंदिस्त झाकण वापरून पाहावे.

यंत्र स्वतः दोन बाटल्यांतून द्रव घेऊन मिसळत असेल तर तपासाचा सोपा मार्ग आहे. तेच मिश्रण हाताने तयार करून एकाच नळीतून सोडावे. पीक स्थिर झाला तर दोष यंत्राच्या मिश्रणव्यवस्थेत, म्हणजे प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हमध्ये किंवा एखाद्या बाजूच्या पंपात आहे. तरीही सरकत राहिला तर मिश्रणव्यवस्था निर्दोष आहे.

तापमानाचा परिणाम याहून संथ असतो, म्हणून तो बराच काळ लक्षात येत नाही. १ अंश सेल्सिअसने तापमान वाढले की रिटेन्शन फॅक्टर साधारण १ ते २ टक्क्यांनी घटतो. दिवसा २४ अंशांवर असलेली खोली रात्री वातानुकूलन बंद झाल्यावर ३० अंशांवर गेली, तर रात्रभर चाललेल्या मालिकेत पीक सात-आठ टक्क्यांनी अलीकडे सरकणे स्वाभाविक आहे. पद्धतीत ‘कॉलमचे तापमान: खोलीचे’ असे लिहिलेले असेल तर हा दोष पद्धतीतच आहे. कॉलम ओव्हन २५ अंशांवर लावणेही पुरेसे नाही. अनेक ओव्हनांत फक्त तापवण्याची सोय असते, आणि मे महिन्यात खोलीच २८ अंशांवर असेल तर ओव्हन पडद्यावर काहीही दाखवो, कॉलम २५ अंशांवर येणार नाही. खोलीच्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा निदान पाच अंश अधिक, म्हणजे ३५ किंवा ४० अंश, ही आपल्याकडे व्यवहार्य निवड आहे. निदानासाठी रिटेन्शन टाइम आणि खोलीचे तापमान एकाच आलेखावर, घड्याळाच्या वेळेसमोर मांडावे. दोन्ही रेषा एकाच वेळी वळत असतील तर मोबाइल फेज पुन्हा पुन्हा तयार करण्यात अर्थ नाही.

सतत एकाच दिशेने सरकणे आणि कॉलमचा वाटा

पहिल्या काही इंजेक्शनांत पीक सरकतो आणि मग स्थिर होतो, तेव्हा कॉलम पुरेसा स्थिरावलेला नव्हता एवढाच अर्थ असतो. साध्या बफरसाठी कॉलममधील द्रवाच्या दहा ते वीस पट मोबाइल फेज जाऊ द्यावी. वर सांगितलेल्या कॉलमसाठी ते २५ ते ५० मिलि होतात, म्हणजे मिनिटाला १ मिलि प्रवाहाने २५ ते ५० मिनिटे. आयन-पेअर अभिकर्मकांना (विद्युतभारित रेणूंशी जोडी जमवून त्यांना कॉलमवर धरणाऱ्या रसायनांना), उदाहरणार्थ सोडियम ऑक्टेन सल्फोनेटला, याच्या कितीतरी पट अधिक वेळ लागतो, आणि ते कॉलममधून पूर्णपणे धुऊनही निघत नाहीत. असा कॉलम त्याच पद्धतीसाठी राखून ठेवावा आणि त्यावर तशी चिठ्ठी लावावी.

एक विशेष प्रकार अतिशय गोंधळात टाकतो. मोबाइल फेजमध्ये सेंद्रिय द्रावक ५ टक्क्यांहून कमी असेल आणि मध्येच पंप थांबला, तर पुन्हा सुरू केल्यावर सर्व पीक एकदम बरेच अलीकडे येतात. दाब गेल्यावर सी-१८ च्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर फेकले जाते आणि छिद्रांतील पृष्ठभाग नमुन्याला उपलब्धच राहत नाही. छिद्रांतील द्रवच नाहीसा झाल्याने येथे डेड टाइमही कमी होतो, आणि त्यामुळे प्रवाह वाढल्याचा भास होऊ शकतो. फ्लास्कने मोजलेला प्रवाह मात्र बरोबर असतो. कॉलम निकामी झाला असे समजून तो फेकण्याची गरज नाही. प्रथम बफर पाण्याने काढावे, मग निदान ५० टक्के ॲसिटोनायट्राइल सोडावे आणि पुन्हा मूळ मोबाइल फेजवर यावे. पीक परत जागेवर येतात. वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी अशा पद्धतींसाठी पाण्याशी जुळवून घेणारा, ध्रुवीय गट असलेला सी-१८ कॉलमच निवडावा.

आठवड्यांच्या हिशेबाने पीक हळूहळू अलीकडे येत असेल आणि आम्लारिधर्मी पदार्थांच्या पीकला शेपटीही फुटू लागली असेल, तर कॉलमचा सी-१८ थर खरोखरच झिजतो आहे. पीएच २ च्या खाली, विशेषतः वाढीव तापमानाला, हा थर सिलिकापासून तुटतो, आणि पीएच ८ च्या वर नेहमीच्या कॉलममधील सिलिकाच विरघळू लागते. उलट, दाब वाढत जाऊन पीकची जागा आणि आकार दोन्ही बिघडत असतील तर नमुन्यातील स्निग्ध पदार्थ किंवा प्रथिने कॉलमच्या तोंडाशी साचली आहेत. दूध, लोणची, सॉस यांच्या विश्लेषणात हे ठरलेलेच. गार्ड कॉलम (मुख्य कॉलमच्या आधी जोडलेला लहान संरक्षक कॉलम) बदलून पाहावा, आणि मग कॉलम क्रमाने धुवावा: आधी बफरविरहित पाणी आणि थोडे द्रावक, नंतर ॲसिटोनायट्राइल, नंतर कमी प्रवाहाने आयसोप्रोपेनॉल, आणि त्याच वाटेने परत. बफरवरून थेट शंभर टक्के ॲसिटोनायट्राइलवर उडी घेतली तर फॉस्फेटचा साका कॉलममध्येच बसतो आणि तो कॉलम वाचत नाही.

नोंदी आणि नियमांची चौकट

या सर्व तपासात एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि अपेक्षित फरक पडला नाही तर ती पूर्ववत करावी. लॉगबुकात रोज डेड टाइम, दोन पीकचे रिटेन्शन फॅक्टर, सुरुवातीचा दाब, खोलीचे तापमान आणि मोबाइल फेजचा तयारी क्रमांक एवढ्या गोष्टी लिहिल्या तर पुढच्या वेळी निम्मा तपास वही उघडताच होतो. रिटेन्शन टाइमऐवजी रिटेन्शन फॅक्टर लिहिण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो, कारण त्यात प्रवाहाचा दोष मिसळत नाही.

औषध प्रयोगशाळांत आणखी एक भान ठेवावे लागते. अमेरिकन फार्माकोपियाच्या, म्हणजे औषधांच्या मानकांच्या अमेरिकी ग्रंथाच्या, ६२१ क्रमांकाच्या प्रकरणात मोबाइल फेजच्या पीएचमध्ये ०.२ एककापर्यंत आणि बफरच्या तीव्रतेत १० टक्क्यांपर्यंत वरखाली करण्याची मुभा आहे, पण ती सिस्टिम सुटेबिलिटी साधण्यासाठी आहे. रोज वेगळा फेरबदल करून सरकणाऱ्या पीकचा पाठलाग करण्यासाठी ती नाही. तसेच तपासासाठी दिलेले प्रत्येक इंजेक्शन, मग ते युरॅसिलचे का असेना, कारणासह नोंदले गेले पाहिजे. नोंद न करता दिलेली ‘ट्रायल’ इंजेक्शने हा औषध नियामकांच्या तपासणीत गंभीर आक्षेपाचा विषय ठरतो, आणि तो आक्षेप योग्यच आहे, कारण नको असलेले उत्तर दडवण्याचा मार्गही तोच असतो.

एका यंत्रावर ठीक, दुसऱ्यावर सरकलेला

ग्रेडियंट पद्धत, म्हणजे जिच्यात मोबाइल फेजमधील द्रवांचे प्रमाण धावेदरम्यान बदलत जाते ती, एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेली आणि उशिरा येणारे सर्व पीक जवळजवळ सारख्याच मिनिटांनी पुढे किंवा मागे गेले, तर वरीलपैकी काहीही बिघडलेले नसते. द्रव जेथे मिसळतात तेथपासून कॉलमच्या तोंडापर्यंत जेवढी जागा असते तेवढा उशीर ग्रेडियंटला होतो, आणि ही जागा प्रत्येक यंत्रात वेगळी असते. मिनिटाला १ मिलि प्रवाह असताना दोन यंत्रांत १ मिलिचा फरक असेल तर ग्रेडियंट १ मिनिट उशिरा पोहोचतो. ही जागा मोजण्यासाठी कॉलम काढून तेथे नुसती बारीक नळी जोडावी, एका बाटलीत पाणी आणि दुसरीत ०.१ टक्का ॲसिटोन घातलेले पाणी ठेवावे, आणि दहा मिनिटांत शून्य ते शंभर टक्के असा सरळ ग्रेडियंट २६५ नॅनोमीटरवर नोंदवावा. वर चढणाऱ्या रेषेचा सरळ भाग मागे वाढवून तो सुरुवातीच्या बेसलाइनला जेथे छेदतो ती वेळ प्रवाहाने गुणली की यंत्राची जागा मिळते. ती दोन्ही यंत्रांसाठी काढून त्यांच्या फाइलमध्ये लावून ठेवावी. नव्या यंत्राची जागा कमी असेल तर फरकाएवढा सुरुवातीचा स्थिर टप्पा ग्रेडियंटमध्ये वाढवावा, आणि अधिक असेल तर ग्रेडियंट सुरू झाल्यावर तेवढ्याच वेळाने इंजेक्शन देण्याची सोय यंत्रात आहे का ते पाहावे.